वादळाच्या दिवशी घरी: लाईन जाण्याआधीची पंधरा मिनिटं आणि नंतरचे तीन तास

नवतप्यातली, म्हणजे मेच्या अखेरीच्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतली, दुपार. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, कडुनिंबाचं पान हलत नाही, कुलर नुसता ओला वारा फेकतो आणि अंग चिकचिक करतं. साडेचारच्या सुमाराला आभाळ एका बाजूने मातकट होऊ लागतं. मग एकाएकी थंड झुळूक येते. मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा खिडकीत उभा राहून म्हणतो, "वा, काय गार वारा सुटलाय!" आणि आमच्या घरातली बाई जिन्याकडे पळत सुटते, कारण गच्चीवर कुरडया आहेत.

ही झुळूक म्हणजे वादळाचा निरोप्या. वरून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत अर्धाअधिक विरून जातो, त्याने हवा थंड आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवरून चहूकडे पसरते. पाऊस मागून येतो, वारा पुढे. दोघांमध्ये कधी पाच मिनिटं मिळतात, कधी पंधरा. त्या वेळात घर आवरून झालं तर पुढचे दोन-तीन तास निवांत मिळतात. नाही झालं तर तेच तास बादल्या, पोतेरं आणि "टॉर्च कुठे ठेवला रे?" यात जातात.

मी घरूनच मुद्रितं तपासायचं काम करते आणि आम्ही नागपुरात, वरच्या मजल्यावर राहतो, म्हणजे गच्ची आमच्याच डोक्यावर. गेल्या काही उन्हाळ्यांत चुकत-चुकत जी पद्धत बसली, ती इथे देते आहे.

आधी ठरवा: वादळ आहे की झड

दोन्हीला पाऊस म्हणत असले तरी तयारी वेगळी लागते. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत येतं ते वादळ. बहुतेकदा दुपार उलटल्यावर येतं, विजा, वारा, कधी गारा, आणि दीड-दोन तासांत सगळं संपतं. जुलै-ऑगस्टमध्ये लागते ती झड. तिला घाई नसते. तीन-तीन दिवस एका लयीत पडत राहते, कपडे वाळत नाहीत, माचीसच्या काड्या ओढल्या तरी पेटत नाहीत.

वादळात हाताला असं काम हवं की जे अर्ध्यावर सोडून उठता येईल. झडीत उलट, लांबलचक काम हवं. नाहीतर दुसऱ्या दिवशीच घरातली माणसं एकमेकांवर खेकसू लागतात.

अंदाजासाठी मी दोनच गोष्टी पाहते. एक, हवामान खात्याच्या नागपूर केंद्राचा जिल्हावार इशारा. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. दुसरं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते कळवतं. आणि तिसरं एक, जे कोणत्याच ॲपमध्ये नाही: घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर लावून ठेवा. दूर कुठे वीज कडाडली की त्यात खर्रर्र होतं. खरखर वारंवार होऊ लागली की समजायचं, मंडळी निघाली आहेत. माझ्या सासऱ्यांचा मोबाईलपेक्षा यावर जास्त भरवसा होता.

सकाळीच उरकायची कामं

इशारा असेल त्या दिवशी सकाळी दहाच्या आत एवढं करून टाका.

पाण्याची टाकी भरा. लाईन गेली की मोटर नाही, आणि शुद्धीकरणाचं मशीनही नाही. पिण्याचं दहा लिटर पाणी गंजात (म्हणजे पातेल्यात) किंवा कळशीत काढून ठेवा.

मोबाईल, पॉवर बँक, चार्जिंगचा दिवा शंभर टक्के करा. सगळ्यांना माहीत असतं, कोणी करत नाही.

इन्व्हर्टरचा हिशेब एकदाच बसवून तो आलमारीच्या दाराला आतून चिकटवा. आमची बॅटरी १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची आहे. गुणाकार केला तर १८०० वॉट-अवर. पण बॅटरी म्हातारी होत जाते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा घेतो, म्हणून मी १२०० च धरते. जुना सीलिंग फॅन ७५ वॉट, एलईडी बल्ब ९ वॉट, राउटर साधारण १० वॉट. एक फॅन, दोन बल्ब, राउटर एवढंच चालवलं तर शंभराच्या आसपास होतं, म्हणजे बारा तास. चार फॅन आणि टीव्ही लावलात तर तीन तासांत चूं चूं सुरू. हा आकडा तिथे लावल्यापासून आमच्याकडे सगळे मुकाट्याने एका खोलीत बसतात.

गच्चीच्या पन्हाळाचं तोंड मोकळं करा. कडुनिंबाची वाळकी पानं आणि कबुतराची पिसं, एवढ्यानेही गच्चीचं तळं होतं. मग ते पाणी जिन्यातून खाली उतरतं. एकदा आमच्या घरात उतरलं, आणि जिन्याच्या पायथ्याशी मी मोठ्या हौसेने पुस्तकांचं कपाट ठेवलेलं होतं.

तळमजल्यावर राहत असाल तर कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा पावसाळ्यापुरता रिकामा करा. तिथे स्टीलचे डबे ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या कितीतरी घरांत लोक झोपेत असतानाच पाणी आलं. त्या रात्री ज्यांची पुस्तकं भिजली त्यांतल्या एका मैत्रिणीच्या घरी मी चार दिवस पानं वाळवत बसले होते. ते कसं करायचं ते पुढे सांगते.

झुळूक आली: आता क्रमाने

क्रम महत्त्वाचा. घाईत माणूस आधी खिडक्या लावतो आणि मग गच्चीवर जातो. तोवर विजा सुरू झालेल्या असतात.

पहिलं, गच्ची. वाळवण उचला. सासूबाई खालूनच ओरडतात, "अगं, वारं सुटून राहिलं, कुरडया आण न आधी, कपडे राहू दे!" आणि त्यांचं बरोबर आहे. कपडे पुन्हा धुता येतात. भिजलेली कुरडई म्हणजे तीन दिवस भिजवलेला गहू, वाटण, चीक आणि पहाटेची झोप, सगळं पाण्यात. वाळवण जुन्या साडीवर घालत जा, म्हणजे चार टोकं धरून गाठोडं करता येतं. प्लास्टिकवर घातलेलं उचलायला गेलं की ओल्या कुरडया एकमेकींवर घसरून लगदा होतो. खाली आणल्यावर गाठोडं बांधलेलं ठेवू नका. लगेच बाजेवर पसरा आणि पंखा लावा. अर्धवट वाळलेल्या कुरडया रात्रभर गाठोड्यात राहिल्या तर सकाळी आंबट वास येतो. इन्व्हर्टरवरचा तो एक फॅन कोणाला, माणसांना की कुरडयांना, हा आमच्या घरी दरवर्षीचा वाद आहे.

दुसरं, उडणाऱ्या वस्तू. रिकाम्या कुंड्या, प्लास्टिकची खुर्ची, पत्रा, झाडू. कठड्यावर ठेवलेल्या कुंड्या खाली ठेवा. खालून माणसं जातात.

तिसरं, कुलर. बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. खिडकीबाहेर स्टँडवरचा लोखंडी कुलर, त्यात पाणी, बाहेरून पाऊस, आणि आपण ओल्या पायाने फरशीवर: विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकने माणसं जातात. प्लग काढल्याशिवाय कुलरला हात नाही, पाणी भरायलाही नाही, हा नियम घरातल्या लहान पोरालाही पाठ हवा. वाऱ्याच्या बाजूची गवताची ताटी नीट अडकली आहे ना, तेवढं पाहा; सुटली की थेट शेजाऱ्याच्या अंगणात जाते.

चौथं, टीव्ही, संगणक, राउटर, फ्रिज यांचे प्लग काढा. हे विजा सुरू व्हायच्या आत. डोक्यावर कडकडाट चालू असताना प्लगशी खेळायला जाऊ नका. स्पाईक गार्डच्या भरवशावरही राहू नका. जवळ वीज पडली तर तो काही वाचवू शकत नाही.

पाचवं, खिडक्या. वाऱ्याच्या बाजूच्या घट्ट लावा, विरुद्ध बाजूची एखादी वितभर उघडी असू द्या, नाहीतर घर कोंदतं.

सहावं, आणि हे लोक हमखास विसरतात: करायच्या कामाची टोपली बाहेर काढून टेबलावर ठेवा. अंधारात सुईदोरा शोधायला लागलात की वाचन नाही, छंद नाही, नुसती चिडचिड.

विजा चमकत असताना

चमक दिसली की मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीसपर्यंत मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. गच्ची, बाल्कनी, झाड, सगळं सोडून घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जायचं नाही, मग खालच्या अंगणात कितीही कैऱ्या पडलेल्या असोत.

घरात असताना अंघोळ आणि भांडी थांबवा, नळाच्या पाइपातून झटका येऊ शकतो. खिडकीचं लोखंडी गज धरून पाऊस पाहत उभं राहायचं नाही. वायरवाला फोन नाही, चार्जिंगला लावलेला मोबाईलही नाही. चार्जर काढलेला असेल तर बोला खुशाल. रस्त्यावर तार तुटून पडलेली दिसली तर तिच्यापासून किमान दहा मीटर लांब राहा, आजूबाजूच्यांना थांबवा आणि १९१२ वर वीज कंपनीला कळवा. "त्यात करंट नसंल आता" असं म्हणणारा एक काका प्रत्येक गल्लीत असतो. त्याचं ऐकू नका.

लहान मुलं घाबरत असतील तर सेकंद मोजायचं काम त्यांच्याकडे द्या. आमची लेक सहा वर्षांची असताना कानात बोटं घालून कोपऱ्यात बसायची. मोजणीची वही हातात दिल्यावर "आई, अजून एक पाहिजे, आकडा कमी झाला का बघू" म्हणू लागली.

उजेड कुठून आणायचा

मेणबत्तीने वाचू नका. ज्योत हलते, डोळे दुखतात, आणि वाऱ्याच्या घरात पडदा पेटायला वेळ लागत नाही. चार्जिंगचा एलईडी बल्ब उत्तम. तो नेहमीच्याच होल्डरमध्ये असतो आणि लाईन गेली की आपोआप चालू राहतो. तो नसेल तर मोबाईलचा टॉर्च वर तोंड करून ठेवा आणि त्यावर पाण्याने भरलेली पांढरट प्लास्टिकची बाटली उभी करा. प्रकाश पसरतो आणि टेबलापुरता पुरतो. पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले तर आणखी मऊ होतो. वाचणाऱ्याने दिवा मागे आणि थोडा डावीकडे ठेवावा, शिवणाऱ्याने समोर.

बारीक नक्षीकाम, मणी ओवणं, काळ्या कापडावर काळा धागा, हे त्या दिवशी नको. कॅरमही नको, खरं सांगते. दमट हवेत बोर्ड जड होतो, सोंगटी अर्ध्यावर थांबते, मग पावडर जास्त टाकायची आणि मग भांडण. पत्ते चालतात.

हाताला काम: कोऱ्या पानांची वही

माझा वादळाचा लाडका छंद हाच. याला वीज लागत नाही, कुठेही थांबवता येतो, आणि वेळही अगदी जुळून येते: शाळा संपलेली, घरात अर्ध्या कोऱ्या वह्यांचा गठ्ठा पडलेला. आमच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, तेव्हा हातात भरपूर दिवस असतात.

लागतं काय: जुन्या वह्या, जाड सुई किंवा बारीक दाभण, गोधडीचा दोरा, मेणबत्तीचा तुकडा, पट्टी, पेन्सिल, आणि मुखपृष्ठासाठी लग्नपत्रिका किंवा मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याची आतली बाजू पांढरी निघते, पण तुपाचा डाग पाहून घ्या.

वही मधोमध उघडा. पिना असतील तर सुरीच्या टोकाने सरळ करून काढा. नखाने काढायला गेलात तर नखाखाली जाते. आता पानं जोडीने मोकळी होतात. जी जोडी दोन्ही बाजूंनी कोरी तीच घ्या. एका अंगाला बेरजा आणि दुसरं कोरं असलेल्या जोड्या बाजूला काढा, त्या किराणाच्या यादीला.

आठ ते दहा जोड्या एकात एक घाला. याहून जास्त घेतल्या तर आतली पानं बाहेर डोकावतात आणि वही मिटत नाही. घडीवर चमच्याची पाठ घासून ती धारदार करा. मुखपृष्ठ तसंच दुमडून बाहेरून लावा.

वही उघडी ठेवा, आतल्या घडीत पेन्सिलीने तीन खुणा करा: एक बरोबर मधे, दोन वरच्या-खालच्या कडेपासून चार-चार सेंटिमीटरवर. खाली जुनी चप्पल किंवा घडी घातलेली चादर ठेवून दाभणाने आरपार भोकं पाडा. दाभण घडीतूनच गेलं पाहिजे. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर शिवण तिरकी दिसते आणि वर्षभर डोळ्यात सलते.

वहीच्या उंचीच्या अडीचपट दोरा घ्या. मेणबत्तीवरून दोनदा ओढा, म्हणजे तो गुंतत नाही आणि गाठ धरून राहतो. आता सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. आत चार बोटं शेपूट राहू द्या. बाहेरून वरच्या भोकात जा, आत या. आतून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकात शिरून आत या. आता आत दोन शेपटं आहेत आणि मधे उभा लांब टाका. एक शेपूट टाक्याच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे असू द्या, दोरा वहीच्या उंचीच्या दिशेने ताणा, आणि त्या टाक्यावर दुहेरी गाठ मारा. दोरा वर, म्हणजे तुमच्याकडे ओढलात तर कागद फाटतो. पहिल्या दोन वह्यांत माझा फाटला.

ओढून घट्ट झाली की शेपटं बोटभर ठेवून कापा. झाली वही. एका वादळात दोन होतात.

फाटलेली पुस्तकं दुरुस्त करायची तर तेही याच बैठकीत. चिकटपट्टी मात्र लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा गोंद कागदात झिरपतो आणि पट्टी सुटल्यावर तपकिरी पट्टा उरतो. त्यापेक्षा मैद्याची खळ करा: एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवत राहा, गार करून गाळा. संक्रांतीचा उरलेला पांढरा पतंगी कागद हाताने फाडून पट्टी काढा. कात्रीने कापलेली कड उठून दिसते, फाडलेल्या कडेचे तंतू पानात मिसळून जातात. खळ पट्टीला पातळ लावा, फाट जोडा, वर-खाली बटर पेपर, आणि वजन म्हणून पाटा. जुने बायंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विष आहे, घरी मुलंबाळं असतील तर नको. खळ थोडी करा, उरलेली फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. रंगीत पतंगी कागदाच्या नादाला लागू नका, ओला झाला की रंग सोडतो. ओलाव्याच्या दिवसांत वाळायला पूर्ण एक दिवस लागतो, पाटा उचलून मधेच डोकावू नका. आजोबांची एकमेव पोथी असेल तर प्रयोग तिच्यावर करू नका, आधी जुन्या पाठ्यपुस्तकावर हात बसवा.

वाचायचं काय

वादळात कादंबरी सुरू करू नका. दर दहा मिनिटांनी उठावं लागतं: दार आपटलं, पाणी आलं, कोणीतरी हाक मारली. अशा वेळी दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात हे अंक येत आहेत, आणि बहुतेक घरांत ते फराळाबरोबर अर्धेच वाचले जातात. आम्ही दोन अंक मुद्दाम न उघडता मे महिन्यासाठी राखून ठेवतो. एक कथा वीस मिनिटांची, एक लेख पंधरा मिनिटांचा. नसतील तर सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत धुंडाळा.

मोठ्याने वाचून पाहा. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत असताना मनातल्या मनात वाचायला घेतलं तर डोळे ओळीवरून घसरतात. कोणीतरी वाचतंय आणि बाकीचे शिवताहेत, निवडताहेत, हे जास्त जमतं. एकाने एक कथा, मग पुस्तक पुढच्याकडे. आमच्या सासूबाईंना चष्म्याचा त्रास आहे म्हणून हे सुरू झालं. आता त्या मधेच थांबवून "हे काही खरं नाही, असं कोणी बोलत नाही" असा शेरा मारतात, आणि मुद्रितं तपासणारी मी असले तरी बहुतेकदा त्यांचंच बरोबर असतं.

एका गंजात जेवण

भजे तर होतातच. पण भज्यांपाशी एक माणूस अडकून पडतो आणि बाकीचे खातात. वादळाच्या रात्री मी गोळाभात करते.

चणाडाळीचं भरड बेसन एक वाटी, त्यात तिखट, मीठ, हळद, जिरं, चिरलेला सांभार (नागपूरबाहेरच्यांनो, कोथिंबीर) आणि दोन चमचे कडकडीत तेल. चिमूट-चिमूट पाणी घालत घट्ट भिजवा. सैल झालं तर गोळे भातात विरघळतात. लिंबाएवढे गोळे वळा. भात साध्या गंजात लावा, कुकरमध्ये नाही. पाणी आटत आलं आणि वर भोकं दिसू लागली की गोळे भातावर ठेवून हलकेच दाबा, झाकण, मंद आच, बारा मिनिटं. सुरी घालून पाहा. कोरडी निघाली की झालं. फोडणी मात्र सढळ हाताने: मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, सुक्या मिरच्या. पानात गोळा कुस्करायचा, वरून हे तेल, आणि सोबत कढी किंवा चिंचेचं सार. मिक्सर लागत नाही, फ्रिज लागत नाही.

खाली पडलेल्या कैऱ्या कोणी आणून दिल्या तर त्यांचं लोणचं घालायचा मोह आवरा. आपटलेल्या कैरीला आतून मार लागलेला असतो, लोणचं टिकत नाही. त्याच रात्री किसून टक्कू करा किंवा मेथांबा.

झड लागली तर

आता जाड कादंबरी काढा, गोधडी काढा, फोटोंचे डबे काढा. यावर फार सांगण्यासारखं नाही. झड माणसाला आपोआप बसवते. पुस्तकांकडे मात्र लक्ष द्या. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं ठासून भरू नका, मधून हवा फिरू द्या. दोन दिवसांतून एकदा कपाटाची दारं तासभर उघडी ठेवून पंखा लावा. पाठीवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोरड्या मऊ ब्रशने, नाकाला रुमाल बांधून, बाल्कनीत झटका. ओलं फडकं फिरवलंत तर ती आणखी पसरते.

पुस्तक चिंब भिजलं असेल तर उन्हात ठेवू नका. पानं वेडीवाकडी होतात आणि बांधणी सुटते. जाडसर कोऱ्या कागदावर ते उभं करा, पानं पंख्यासारखी थोडी उघडा, पंख्याखाली ठेवा. दर दहा-पंधरा पानांमागे टिश्यू पेपर घाला आणि तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उठते. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पुस्तकं आधी हाती घ्या: ती ओली असतानाच पान-पान सुटं केलं नाही तर वाळल्यावर वीट होते. एकदम पन्नास पुस्तकं भिजली असतील तर सगळी एका दिवशी जमणार नाहीत. उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी लागत नाही, मग चार-चार बाहेर काढून वाळवा. त्या मैत्रिणीच्या घरी फ्रिजही पाण्यात गेला होता, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपला आईसक्रीमचा कप्पा रिकामा करून दिला. आठ दिवस त्यांच्या फ्रीझरमध्ये मटाराऐवजी ज्ञानकोशाचे खंड होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ

ही वेळ मुद्दाम. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, आपणही तेव्हाच मोजला तर आकडा त्यांच्याशी पडताळता येतो. दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या, खांद्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बुडाशी खडे टाका आणि बाटलीचं अंग सरळ होतं तिथपर्यंत पाणी भरा; ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवा. गच्चीच्या मधोमध, कठड्यापासून दूर, विटांच्या आधाराने ठेवा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमची गच्ची हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. दहा मिलिमीटर पडला तर नऊशे लिटरवर पाणी पन्हाळातून वाहून गेलं. हे एकदा मोजल्यावर पन्हाळाखाली पिंप लावायला आमच्या ह्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर गाठले की हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अतिजोरदार'.

बाटली वाचताना हातासरशी कुलरचं पाणी बदला, पिंपावर कापड बांधा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडण्यापर्यंत पोचतो, म्हणून आठवड्यातून एकदा कुलरची टाकी रिकामी करून घासायची.

आकडा लिहायला अर्थात तीच कोऱ्या पानांची वही. आमच्या वहीतली गेल्या जूनची एक नोंद अशी आहे: "१८ मि.मी. लाईन ५:१० ला गेली, ७:४० ला आली. चमक-आवाज सगळ्यात जवळचा ४ सेकंद. कुरडया वाचल्या, एक ताट राहिलं. वही एक पूर्ण, दुसरीची भोकं पाडून झाली." खाली सासूबाईंच्या अक्षरात, पेन्सिलीने: "गोळ्यात मीठ कमी."